निळ्या डब्याचा हिशोब



रमजानच्या आधीच्या साफसफाईत यंदा आमच्या घरातला प्रिंटर भंगारात गेला. तो मोडला नव्हता. टोनर निम्म्याच्या वर होता, कागद न अडकता सरसर बाहेर येत होता. तेरा वर्षं त्याने मुलांच्या प्रोजेक्टपासून निकाहच्या पत्रिकेच्या नमुन्यापर्यंत सगळं छापून दिलं. पण घरात नवा संगणक आला आणि त्याला हा प्रिंटर ओळखताच येईना. दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "चाचा, कंपनीने या मॉडेलचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी काढलेलाच नाही. नवा प्रिंटर घेऊन टाका." भंगारवाल्याने दोनशे रुपये हातावर ठेवले आणि जाता जाता विचारलं, "चालू आहे का हा?" मी हो म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की गिऱ्हाईक वेडं आहे असं त्याला वाटतंय.

माझा धाकटा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामू, कंपनीने ड्रायव्हरचा मूळ मजकूर उघडा ठेवला असता तर एव्हाना कोणीतरी तो नव्या संगणकासाठी बसवून दिला असता."

"आणि कंपनीने काय खायचं? आपल्याला नवा प्रिंटर घ्यावा लागला, तोच तिचा नफा," मी म्हणालो.

तो गप्प बसला. पण माझं उत्तर माझं मलाच पटलेलं नव्हतं. व्यापाऱ्याने आपल्या यंत्राची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती दिली तर त्याचा धंदा खरोखर बसतो का? महिनाभर मी हेच वाचत होतो. यावेळच्या सदरात तोच हिशोब मांडतो.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो. संगणकाची भाषा आणि प्रिंटरची भाषा वेगळी असते. दोघांच्या मध्ये बसणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, आणि तोही एक प्रोग्रामच असतो. प्रोग्रामर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो. आपल्याला मिळते ती त्यापासून तयार केलेली, फक्त यंत्राला कळणारी प्रत. दादीच्या शिलाई मशीनबरोबर एक पुस्तिका यायची, प्रत्येक सुट्या भागाचं चित्र आणि नंबर त्यात असायचा. म्हणून ती मशीन गावातला कोणताही मिस्त्री उघडून दुरुस्त करायचा. सोर्स कोड म्हणजे ती पुस्तिका. आज आपण घेतो त्यातल्या बहुतेक यंत्रांसोबत ती येत नाही.

योगायोग असा की या सगळ्या भांडणाची सुरुवातही एका प्रिंटरवरूनच झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्या सगळ्यांना संगणकावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरवरही त्याला तेच करायचं होतं, पण सोर्स कोड काही मिळेना. दुसऱ्या विद्यापीठात ज्याच्याकडे तो होता, त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. त्याने सरळ नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरचं काम जाहीर केलं आणि पुढे त्यासाठी एक परवाना लिहिला. त्याची मुख्य अट साधी आहे. हा प्रोग्राम घ्या, बदला, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला सोर्स कोडही द्या. लिनक्स ही संगणकप्रणाली याच परवान्याखाली येते.

आता निळ्या डब्याकडे येतो.

कॅलिफोर्नियात तैवानहून आलेल्या एका जोडप्याने १९८८ मध्ये आपल्या गॅरेजमधून लिंकसिस नावाची कंपनी सुरू केली. डिसेंबर २००२ मध्ये या कंपनीने घरगुती वाय-फायचा एक राउटर बाजारात आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना, नाव डब्ल्यूआरटी ५४ जी. काही महिन्यांतच, २००३ मध्ये, सिस्को या बड्या कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर किमतीचे शेअर देऊन अख्खी लिंकसिस विकत घेतली. आणि त्याच वर्षी काही प्रोग्रामरांच्या लक्षात आलं की डब्याच्या आत लिनक्स आहे. म्हणजे परवान्याची अट लागू, सोर्स कोड द्यायला हवा. तो तर दिलेला नव्हता.

मला वाटतं यात सिस्कोची बदमाशी कमी आणि गाफीलपणा जास्त होता. डब्यातली चिप ब्रॉडकॉम कंपनीची, तिच्यावरचा प्रोग्राम तैवानमध्ये तयार झालेला, डबा लिंकसिसचा आणि लिंकसिस नुकतीच सिस्कोची. चार हातांतून गेलेल्या मालात काय काय आहे हे शेवटच्या हाताला ठाऊकच नव्हतं. लग्नाच्या जेवणाचं कंत्राट एकाने घ्यावं, त्याने दुसऱ्याला द्यावं, आणि मीठ जास्त झालं की कोणाला विचारायचं ते कळू नये, तसाच प्रकार. तगादा सुरू झाल्यावर २००३ च्या उन्हाळ्यात कंपनीने कोड प्रसिद्ध केला. (सिस्कोचं या बाबतीतलं वागणं पुढेही ढिलंच राहिलं. २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तिच्यावर दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.)

कोड हाती आल्यावर लोकांनी जे केलं ते कंपनीच्या स्वप्नातही नव्हतं. त्या डब्यात १६ मेगाबाइट मेमरी आणि प्रोग्राम साठवायला फक्त ४ मेगाबाइट जागा होती. आज मोबाइलमधला एक फोटोही कधी कधी तेवढा भरतो. एवढ्याशा जागेत लोकांनी ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी अशी नवी सॉफ्टवेअर बसवली. कोणाला किती वेग द्यायचा ते घरमालकाला ठरवता येऊ लागलं. अँटेनाची ताकद कमी-जास्त करता आली, दूरच्या ऑफिसशी सुरक्षित जोडणी करता आली, एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर सिग्नल नेऊन गल्लीभर जाळं पसरता आलं. ज्या कामांसाठी दुकानं आणि छोट्या कचेऱ्या कित्येक पट महाग यंत्रं घेत होत्या, ती कामं घरगुती डबा करायला लागला.

माझ्या मते बंद यंत्रांचं खरं कारण इथे सापडतं. कंपन्या सांगतात की कोड उघडा केला तर प्रतिस्पर्धी नक्कल करतील. तेही थोडं खरं आहे. चिपवाल्याशी गुप्ततेचे करार असतात, हेही खरं. पण अनेकदा स्वस्त आणि महाग मॉडेलच्या आतला सांगाडा जवळजवळ सारखाच असतो, फरक सॉफ्टवेअरने पाडलेला असतो. स्वस्त मालाची किल्ली गिऱ्हाइकाला दिली तर महाग माल घेणार कोण?

२००५ च्या शेवटी लिंकसिसने खर्च कमी करायचं ठरवलं. त्याच निळ्या डब्याच्या नव्या आवृत्तीत मेमरी निम्मी केली, साठवणीची जागाही निम्मी केली. तेवढ्यात लिनक्स मावेना, म्हणून आत दुसरी, बंद प्रणाली बसवली. बाहेरून डबा तसाच, नाव तेच. सामान्य गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. ज्यांना कळला ते जुन्या आवृत्तीचे डबे शोधत फिरू लागले.

मग कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. जुनीच आवृत्ती, १६ आणि ४ मेगाबाइटची, नावात एक अक्षर वाढवून पुन्हा विकायला ठेवली: डब्ल्यूआरटी ५४ जीएल. हे 'एल' लिनक्सचं. किंमत साध्या मॉडेलपेक्षा थोडी जास्त. ज्याला किल्ली हवी त्याने चार डॉलर जास्त मोजावेत, एवढाच व्यवहार.

आणि तो डबा विकला जात राहिला. राउटरच्या धंद्यात एखादं मॉडेल दोन-तीन वर्षं टिकलं तरी पुष्कळ. वाय-फायच्या पिढ्या बदलल्या, २०१३ मध्ये लिंकसिस सिस्कोकडून बेल्किन कंपनीकडे गेली, तरी जीएल दुकानात होताच. २०१६ मध्ये, म्हणजे अकराव्या वर्षी, बातमी आली की हा जुनाट, मंद डबा अजूनही कंपनीला वर्षाला लाखो डॉलरची विक्री मिळवून देतोय. दुकानदाराच्या नजरेने बघा: साचे जुने, त्यांचा खर्च कधीच वसूल झालेला. नवं संशोधन नाही. जाहिरात गिऱ्हाइकंच करतात. सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्याही बाहेरचे लोक फुकट करून देतात. असा माल गल्ल्यावर असेल तर कोण काढून टाकेल?

माझ्या "कंपनीने काय खायचं" या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. उरलेलं अर्धं तितकं गोड नाही.

फक्त 'आमचं यंत्र पूर्ण उघडं आहे' या एका गुणावर धंदा करायला निघालेल्यांची गोष्ट वेगळी आहे. ओपनमोको या तैवानी मंडळींनी २००८ मध्ये ३९९ डॉलरचा एक मोबाइल काढला. त्याच्या बाहेरच्या कवचाचे आराखडेसुद्धा त्यांनी खुले केले होते. पण सॉफ्टवेअर तयार नव्हतं, आणि फोनवर धड बोलताही येत नसेल तर तत्त्व घेऊन काय करायचं? त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. २००९ मध्ये ओपनमोकोने पुढच्या फोनचं काम थांबवलं. नंतर प्युरिझम या अमेरिकन कंपनीने २०१७ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन असाच फोन करायला घेतला. वीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. फोन २०१९ च्या सुरुवातीला देऊ म्हणाले होते. मोठ्या प्रमाणावर पाठवायला सुरुवात झाली तेव्हा २०२० चा नोव्हेंबर उजाडला होता. सुरुवातीची ५९९ डॉलरची किंमत पुढे हजाराच्या वर गेली. ही माणसं लबाड होती असं मी म्हणणार नाही. थोडा माल बनवणाऱ्याला चिपवाला उभं करत नाही, सुटे भाग महाग पडतात, आणि महाग वस्तूला गिऱ्हाईक थोडं. या चक्रातून बाहेर पडणं फार कठीण.

याच्या उलट रास्पबेरी पाय घ्या. इंग्लंडमधल्या केंब्रिजची ही मंडळी. त्यांचे प्रमुख एबेन अप्टन त्या वेळी ब्रॉडकॉममध्ये काम करत होते, म्हणजे निळ्या डब्यातल्या चिपची तीच कंपनी. २९ फेब्रुवारी २०१२ ला त्यांनी ३५ डॉलरचा, पत्त्याच्या पानाएवढा संगणक बाजारात आणला. मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं हा हेतू, आत लिनक्स, आणि माहिती भरपूर उपलब्ध. पहिली दहा हजारांची खेप हातोहात संपली. पुढे शाळा मागे राहिल्या आणि कारखानेच मोठे गिऱ्हाईक झाले, कारण त्यांना एकच माल वर्षानुवर्षं मिळण्याची खात्री हवी होती. जून २०२४ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली तेव्हा तिची किंमत ५४ कोटी पौंडांच्या घरात होती, आणि तोवर सहा कोटींहून जास्त बोर्ड विकले गेले होते. पण पूर्ण उघडा तोही नाही. तो सुरू करणारा प्रोग्राम बराच काळ ब्रॉडकॉमच्या बंद कुलपातच राहिला. कट्टर लोक यावरून त्यांना नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. शंभर टक्के उघडं आणि शंभर लोकांनाच परवडणारं यंत्र माझ्या घराच्या काय कामाचं?

लिंकसिसनेही पुढे या नावावर जरा जास्तच भरोसा ठेवला. २०१४ मध्ये निळ्या डब्याचा वारस म्हणून नवा राउटर आणला, तोच रंग, तोच गाजावाजा. पण त्याच्या वाय-फाय चिपचा उघडा ड्रायव्हरच तयार नव्हता. लोक चिडले, आणि त्यांची समजूत काढता काढता कंपनीच्या नाकी नऊ आले. लेबल लावून काम भागत नाही.

सरकारी कायद्याचाही एक पदर यात आहे. वाय-फाय म्हणजे रेडिओलहरी; कोणीही सॉफ्टवेअर बदलून त्यांची ताकद वाढवली तर विमानतळाजवळच्या हवामानाच्या रडारला अडथळा होऊ शकतो. म्हणून अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने २०१६ च्या सुमारास नियम कडक केले. काही कंपन्यांनी सोपा रस्ता धरला आणि सगळंच कुलूपबंद केलं. पण त्याच वर्षी नियम मोडल्याबद्दल टीपी-लिंकला दोन लाख डॉलरचा दंड झाला, तेव्हा तडजोडीत बाहेरच्या सॉफ्टवेअरला वाव देण्याचं कामही कंपनीकडून कबूल करून घेतलं गेलं. रेडिओपुरतं कुलूप लावा, सगळ्या घराला नको, असा त्याचा अर्थ मी काढतो.

आणि २०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटीच्या स्वयंसेवकांनी स्वतःचाच राउटर आणला. ८९ डॉलरला पेटीसह, आणि प्रत्येक नगामागे दहा डॉलर प्रकल्पाच्या निधीत. मोठा धंदा नाही हा. पण वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या डब्यात शिरलेल्या लोकांचा आता स्वतःचा डबा आहे.

हे सगळं मी आमच्या शाळेच्या सोसायटीच्या बैठकीत सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता. निमित्तही तसंच होतं. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात शाळेची संगणक खोली गेली. नंतर देणगीतून जुने पण चांगले बावीस संगणक मिळाले. त्यांच्यावर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या बावीसपैकी एकही त्यात बसत नाही. म्हणजे प्रिंटरचीच गोष्ट, बावीस पटीने.

अध्यक्ष हाजीसाहेबांचं म्हणणं होतं की सगळे विकून नवे घ्या. मी केरळचं उदाहरण दिलं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. २०१८ पर्यंत तिथे ४५ हजार वर्गांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसले, आणि ते सगळे लिनक्सवर. एवढी मोठी ऑर्डर हवी असेल तर कंपनी निमूटपणे लिनक्सवर चालणारा माल देते. तुम्ही-आम्ही एकेकट्याने दुकानात विचारलं तर पोरगा हसतो.

हाजीसाहेब म्हणाले, "ते ठीक. पण बंद पडलं की बोलवायचं कोणाला? फुकटचं शेवटी आपल्याच गळ्यात येतं."

हा सवाल बिनबुडाचा नाही. लिनक्स जाणणारा माणूस आमच्या तालुक्यात शोधावाच लागतो, आणि माझा भाचा काही कायम इथे राहणार नाही. माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नव्हतं, आणि ते मी तसं सांगितलं. शेवटी ठरलं ते असं: पाच संगणकांवर आधी लिनक्स बसवून एक सत्र बघायचं. ऑफिससाठी दोन नवे संगणक आणि एक प्रिंटर घ्यायचाच होता, त्याच्या कोटेशनच्या कागदावर मी एक ओळ घातली: 'सर्व यंत्रे, वाय-फाय व छपाईसह, लिनक्सवर चालवून दाखवावीत.' प्रिंटरच्या बाबतीत हे अवघड नाही. एचपीसारख्या कंपनीने लिनक्ससाठी आपले ड्रायव्हर स्वतःच दिले आहेत, काही मॉडेलांना एखादा बंद तुकडा लागतो एवढंच. घरी प्रिंटर घेतानाही हाच प्रश्न विचारा, तुम्ही लिनक्स वापरत नसलात तरी. ज्याचा ड्रायव्हर उघडा आहे त्याला कंपनीने सोडून दिलं तरी सांभाळणारं कोणीतरी भेटण्याची शक्यता असते.

कोटेशन तीन दुकानांना पाठवलं. एकाने ती ओळ खोडून दर भरले. दुसऱ्याचा अजून पत्ता नाही. तिसऱ्याचा परवा रात्री फोन आला. म्हणाला, "सर, ही अट पहिल्यांदाच कोणीतरी घातली. मला जमेल की नाही माहीत नाही, पण माझ्याकडे मशीन आहे, तुमच्याकडे पोरगा आहे म्हणता. रविवारी दुकान बंद असतं, पेन ड्राइव्ह घेऊन पाठवून द्या त्याला."

भाचा जाणार आहे. वाय-फायची चिप कोणत्या कंपनीची आहे तेवढं आधी विचारून ठेवा, असं त्याने मला बजावलंय.